उचलू की राहू देऊ?

ऊसतोड जोरात आहे, कोकणच्या किनाऱ्यावर कासवांचा हंगाम सुरू झाला आहे आणि संक्रांत महिन्यावर आली आहे. हे तिन्ही एकत्र आलं की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. विचारणारे निरनिराळे असले तरी मुळातला प्रश्न बहुधा एकच असतो. समोर एखादा जीव पडला आहे, त्याचं काय करू, कुणाला बोलावू, आणि जी संस्था येईल तिचं ऐकू का? मी आधी पशुसंवर्धन खात्यात गुराढोरांची डॉक्टर होते. निवृत्तीनंतर वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात काम करते. खरोखर जखमी असलेले प्राणी आमच्याकडे येतात, तसेच निव्वळ मायेपोटी उचलून आणलेले धडधाकट प्राणीही येतात. या दुसऱ्या प्रकारचं मला जास्त वाईट वाटतं, म्हणून या वेळची निवडही तशीच झाली आहे.

आमच्या उसात तोडणी चालू असताना बिबट्याची तीन पिल्लं निघाली. टोळीने काम थांबवलं. वनखात्याची माणसं आणि एका संस्थेचे डॉक्टर आले, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी परत त्याच फडात ठेवून निघून गेले! आमच्या वस्तीवर लहान पोरं आहेत. मागच्या साली शेजाऱ्यांची कालवड नेली. या संस्थांना माणसापेक्षा बिबट्या प्यारा आहे का? पिल्लं उचलून लांब जंगलात का सोडत नाहीत?
— एक ऊस उत्पादक, आंबेगाव तालुका

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच भागाने भोगून मिळवलेलं आहे.

२००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम निघाली. हल्ले कमी व्हावेत हाच तिचा हेतू होता, पण झालं उलटं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहिमेनंतर ते सरासरी १७ वर गेले. ज्या जंगलांत बिबटे नेऊन सोडले, त्यांच्या कडेच्या गावांतही हल्ले सुरू झाले.

मोठ्या बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसं शेतात कधी येतात आणि घरात कधी जातात, हे सगळं त्याला पाठ असतं. म्हणून तर तो वर्षानुवर्षं आपल्याला टाळून जगतो. पिंजऱ्यात धरला की गजांवर धडका देऊन त्याचे सुळे तुटतात, नखं उखडतात. असा जखमी, बिथरलेला प्राणी आपण अनोळखी मुलखात, दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीत सोडतो. तो घराच्या दिशेने निघतो आणि वाटेत गावंच गावं लागतात. इकडे त्याच्या रिकाम्या जागेवर एखादा तरणा बिबट्या येतो, त्याला तुमच्या वस्तीची काहीच माहिती नसते. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला जीपीएसचा पट्टा लावून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. त्याने वाटेत कुणाला इजा केली नाही. पण सोडलेला प्रत्येक बिबट्या तसाच निघेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

आता पिल्लांचं. ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा असतो, पाणी असतं, डुकरं, घुशी, वस्तीची कुत्री असतात. बिबट्याच्या मादीला विण्यासाठी याहून आडोशाची जागा तुमच्या तालुक्यात फारशी उरलेलीच नाही. फडात पिल्लं एकटी दिसली म्हणजे आईने टाकली असं समजू नका. ती शिकारीला गेलेली असते, नाहीतर कोयत्यांचा आवाज ऐकून शेजारच्या फडात दबून बसलेली असते. अंधार पडला की ती येते. पिल्लं जागेवर सापडली नाहीत तर ती वस्तीभोवती घिरट्या घालते, हाका मारते, दिसेल त्याच्यावर धावून जाते. तुमच्या पोराबाळांसाठी सगळ्यात धोक्याचा बिबट्या कुठला, असं मला विचारलंत तर मी सांगेन, पिल्लं हरवलेली मादी.

तुमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी हातमोजे घालून पिल्लं तपासली असतील, अंगावरच्या गोचिड्या काढल्या असतील, अंगात पाणी कमी पडलंय का ते पाहिलं असेल, ओळखीसाठी कातडीखाली तांदळाएवढी चिप घातली असेल. मग भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून, जिथे सापडली तिथेच, दिवस मावळायच्या आत ठेवली असतील. बाजूला आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावतात आणि माणसं लांब जातात. मादी येते, हुंगते, पंजाने क्रेट आडवं करते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच करतात. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे, तिथे वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काम करते. त्यांनी आणि वनखात्याने अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळवून दिली आहेत. हे जमलं नाही तर पुढे काय होतं, तेही सांगते. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही आणि त्याची माणसाची भीती मरते. त्याला परत सोडता येत नाही. ते दहा-पंधरा वर्षं पिंजऱ्यात काढतं. आणि असे पिंजरे जन्मभरासाठी भरले की ज्या बिबट्याला खरोखरच धरायला हवं, त्याला ठेवायला जागा उरत नाही.

असा बिबट्या असतोच. एखादा पुन्हा पुन्हा माणसांवर हल्ले करत असेल तर त्याला धरलंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावात माणसं गेली आहेत, मुलं गेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोर उभं राहून सहजीवनाचं व्याख्यान देणाऱ्यांचा मलाही संताप येतो.

तुमचा राग एका बाबतीत अगदी रास्त आहे. ते लोक तुम्हाला नीट न सांगता निघून गेले असतील तर ते चुकलं. पिल्लं परत ठेवायची तर आधी वस्तीवर बसून सांगायला हवं की आज रात्री काय होणार, कुणी कुठे थांबायचं, कुणाला फोन करायचा. सकाळी कॅमेऱ्यातले फोटोही शेतकऱ्याला दाखवायला हवेत. तुम्ही ते मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि टोळीच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, कुठे पडल्यात ते आजच बघा. तोडणी मजुरांच्या कोप्या पुष्कळदा उभ्या उसाला खेटून असतात, तान्ही मुलं बांधावर झोळीत ठेवलेली असतात. तुमच्या घराला दार तरी आहे, त्यांना तेही नाही. कोप्या फडापासून लांब, मोकळ्या जागी हलवा. तिथे एक दिवा द्या, मुकादमाला ताकीद द्या की मुलं एकटी सोडायची नाहीत. शेळ्या-वासरांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद करा. रात्री पाणी द्यायला जाताना दोघं जा, बोलत जा, बॅटरी ठेवा. शेतीला दिवसा वीज मिळावी ही तुमची मागणी तर वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने उचलून धरायला हवी, कारण माणूस आणि बिबट्या एकाच वेळी उसात असू नयेत यासाठी त्याहून मोठा उपाय मला माहीत नाही. जनावर गेलं तर पंचनाम्यासाठी वनखात्याला लगेच कळवा. तोवर मढं हलवू नका.

घरासमोरच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. त्यातलं एक पिल्लू खाली पडलं. दोन दिवस माझी मुलगी त्याला दूध-पोळी भरवते आहे. एका संस्थेला फोन केला, तर त्या म्हणाल्या, 'जिथे होतं तिथे परत ठेवा.' मदतीची ही काय रीत?
— कोथरूड, पुणे

त्या बाईंनी योग्य तेच सांगितलं. दूध-पोळी मात्र आत्ताच्या आत्ता बंद करा. पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत पाणीही ओतू नका, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि थेंबभर पाण्यानेही पिल्लू गुदमरतं.

पिल्लाच्या अंगावर पिसं आली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. बुलबुलाची पिल्लं पुरतं उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना झुडपांतून भरवत राहतात. मुलीला सांगा, त्याला जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवायचं आणि खिडकीतून बघायचं. दोन दिवस गेले असले तरी करून पाहा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. अंगावर पिसंच नसतील तर ते घरट्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच फांदीला बांधा. अर्ध्या दिवसात आईबाप फिरकलेच नाहीत तर मग संस्थेला पुन्हा फोन करा आणि हे सगळं करून झालंय असं सांगा.

रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, मुंग्या लागल्या असतील किंवा मांजराने धरलं असेल, तर मात्र वाट पाहू नका. मांजराच्या दातांची जखम दिसत नाही, पण तिच्या लाळेतले जंतू पिल्लाला एक-दोन दिवसांत मारतात. बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, आत सुती कापड घाला, पिल्लू ठेवून झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी ठेवून केंद्रात न्या. काहीही भरवू नका.

घरी बारा वर्षांपासून मिठू आहे. नातू म्हणतो, पोपट पाळणं गुन्हा आहे, आजी, पिंजरा उघडून दे. माझा जीव होत नाही. काय करू?
— एक आजी, सोलापूर

आजी, नातवाचं म्हणणं खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा कुठलाच रानपोपट पाळता येत नाही. पण पिंजरा उघडू नका, तुम्हाला हात जोडून सांगते. बारा वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या पोपटाच्या पंखांत जोर राहिलेला नसतो. फळ कुठे शोधायचं हे त्याला माहीत नाही, शिक्रा आला तर लपायचं हेही माहीत नाही. त्याला उडवून दिलं तर तो शेजारच्या गच्चीवर कावळ्यांच्या तावडीत सापडेल. नातवाला वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा आणि मिठूला रीतसर त्यांच्या हवाली करा. उपचार केंद्रांत मोठ्या जाळीच्या खोल्या असतात, तिथे इतर पोपटांबरोबर ठेवून पंखांना सवय लावतात. जे उडू शकतात ते सोडले जातात. जे शकत नाहीत, ते निदान आपल्या जातभाईंबरोबर राहतात. तुम्हाला घर सुनं वाटेल. पेरूच्या फोडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत जा, सोलापुरात मोकळे पोपट भरपूर आहेत.

मी कोल्हापूरला बी.एस्सी. करते. कासव महोत्सवाला जाऊन काम करायची फार इच्छा आहे. पिल्लं हातात घेऊन समुद्रात सोडायला मिळतात का? आणि मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की प्राणी जागेवरून हलवू नयेत. मग कासवांची अंडी का हलवतात?
— एक विद्यार्थिनी

तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आधी त्याचं उत्तर.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे, नाना फडणवीसांचं. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. मादी मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालते, वाळू दाबते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून नेत, खात, विकत. उरलेली कोल्ही आणि कुत्री उकरत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, वेळासला काम सुरू केलं. त्यांनी अंडी राखायला बाहेरून पहारेकरी आणले नाहीत. गावातल्याच तरुणांना कासवमित्र केलं. घरटी कुठे असतात हे त्या तरुणांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्याच माहितीचा उपयोग आता अंडी वाचवायला झाला. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. जेवायला उकडीचे मोदक, झोपायला ओटी. पैसा गावात राहिला आणि कासव गावाचं झालं. पुढे हे काम आंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पसरलं, वनखातं आणि त्याचं कांदळवन प्रतिष्ठान त्यात उतरलं.

कासवमित्र पहाटे किनारा चालतात. वाळूवर मादीच्या फरपटीचा माग दिसला की घरटं शोधतात आणि अंडी त्याच किनाऱ्यावरच्या कुंपणात, तेवढ्याच खोल, तशाच सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. हलवतात ते इतकंच. तीच वाळू, तोच समुद्र, तेच ऊन. हे ऊन महत्त्वाचं, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. धोका नेमका कुठला हे माहीत आहे, तो टाळायला लागतं तेवढंच अंतर अंडी नेली जातात आणि पिल्लांना आपल्याच समुद्रात जाता येतं. अंडी उचलणं आणि बिबट्या उचलणं यांतला फरक तुझ्या ध्यानात येईल. आणि जिथे कुत्र्यांचा, माणसांचा, भरतीचा धोका नाही तिथे घरटं आहे तिथेच जाळी लावून राखावं, असंच माझं मत आहे.

आता हातात घेण्याचं. नाही मिळणार, आणि कुणी देऊ लागलं तरी घेऊ नकोस. साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी चालत जातात. त्या चालण्यातच त्यांना आपला किनारा उमजतो असं मानलं जातं, कारण मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला आपल्या जन्मभूमीच्या आसपास परततात. तुझं काम असेल दोरीच्या अलीकडे उभं राहणं, मोबाइलचा दिवा बंद ठेवणं आणि शेजारच्याला तो बंद करायला सांगणं.

त्यांचा प्रवास कळायला लागलाय तो तर अजूनच थक्क करणारा आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांची कासवं वेगळी, असा आमचा समज होता. तो त्या एका टॅगने हलवला.

जायचंच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, पण एका सकाळीसाठी नको, आठवडाभर राहा. कासवमित्रांबरोबर पहाटे चाल, जाळ्यांचे तुकडे गोळा कर. मासेमारांशीही बोल. २०१८ च्या अखेरीपासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित समुद्री जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना गावोगावच्या बंदरांवर किती जणांना माहीत आहे, हे विचारून आलीस तरी तो मोठा प्रकल्प होईल. पावसाळ्यात वेळ असेल तर डहाणूचं कासव उपचार केंद्र बघ. जाळ्यात अडकून पाय तुटलेली कासवं तिथे येतात. वेळासचा आनंद जितका खरा आहे, तितकंच तेही खरं आहे.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. स्वतःला सर्पमित्र म्हणवतो. रात्री-अपरात्री फोन येतात आणि तो हातात काठी घेऊन जातो. नागाबरोबरचे त्याचे व्हिडिओ लोक बघतात. आता तो मित्रांबरोबर संस्था काढणार म्हणतो. मी त्याला अडवू का?
— एक आई, कराड तालुका

ताई, साप वाचावा म्हणून धावणारा मुलगा तुमच्या पोटी आहे, त्याला अडवू नका. त्याला शिस्त लावा. हे पत्र त्याला वाचायला द्या.

पोरा, आधी वनखात्याकडे नोंद आणि परवानगी. नाग आणि घोणस दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय त्यांना पकडून घरी ठेवणं, पिशवीतून मिरवणं, गणपतीत किंवा शाळेत दाखवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. दुसरं, नागाला हातात धरून काढलेला व्हिडिओ तू आजच काढून टाक. तो पाहून कुणीतरी चौदा वर्षांचा मुलगा उद्या मण्यार उचलेल. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, सुजतही नाही, झोपेतला माणूस सकाळपर्यंत संपतो. आकडी, नळी आणि पिशवी वापरायची, साप नळीत स्वतःहून शिरू द्यायचा. एकट्याने जायचं नाही. बूट घातल्याशिवाय जायचं नाही.

पकडलेला साप लांबच्या डोंगरात सोडू नकोस. त्याला तिथली बिळं, पाणी, भक्ष्य काहीच माहीत नसतं. तो भटकतो आणि मरतो, किंवा दुसऱ्याच्या अंगणात निघतो. त्याच परिसरात, वस्तीबाहेर, लवकरात लवकर सोड आणि नोंद कर. धामण, कवड्या, दिवड असले बिनविषारी साप तर पुष्कळदा पकडायचीही गरज नसते. घरच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबवलंस तर साप आपल्या वाटेने जातो.

संस्था काढायचीच असेल तर साप पकडणारी काढू नकोस, सर्पदंशाने माणूस मरू नये म्हणून झटणारी काढ. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर दंशानंतर देतात ती लस, म्हणजे प्रतिविष, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. तुझ्या भागातल्या कुठल्या आरोग्य केंद्रात ती आज उपलब्ध आहे आणि रात्री डॉक्टर कुठे असतो, याची यादी तुझ्या फोनमध्ये हवी. दंश झाला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, हात किंवा पाय न हलवता १०८ ला बोलवायचं. हे वाडीवस्तीवर जाऊन सांगणारा तू खरा सर्पमित्र. आणि ताई, त्याला सांगा, जाताना तुम्हाला उठवून जायचं.

आम्ही न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाची काही कुटुंबं. भारतातल्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना मदत करायची आहे, पण खरी संस्था ओळखायची कशी?

आधी पैशाची वाट. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची मात्र परदेशी ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं लागतं. त्यामुळे सगळ्यांचे पैसे एकत्र करून पाठवू नका. आणि लहान संस्थेला 'कसंतरी घ्या' असा आग्रहही करू नका, ती अडचणीत येईल.

खरी संस्था ओळखायला कागद लागतातच. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, वन्यप्राणी हाताळत असतील तर वनखात्याची लेखी परवानगी. पण मी आणखी एक प्रश्न विचारते: गेल्या वर्षी किती प्राणी दगावले? उपचार केंद्रात येणारे अनेक प्राणी इतक्या वाईट अवस्थेत येतात की ते जगत नाहीत. जी संस्था मृत्यूंचा आकडा आणि कारणं सांगते, ती नोंदी ठेवते आणि त्यांतून शिकते. जिच्याकडे फक्त यशोगाथा आहेत, तिच्याकडे सांभाळून बघा. घुबडाच्या पिल्लाला गोंजारतानाचे, माकडाला बाटलीने दूध पाजतानाचे फोटो दिसले की मी लांब राहते. जंगलात परत जायच्या प्राण्याला माणसाचा लळा लावणं हे त्याचं नुकसान आहे.

आणि द्यायचंच तर दिसणाऱ्या वस्तूंसाठी नको. रुग्णवाहिकेवर नाव घालायला देणगीदार मिळतात. रात्रपाळीच्या मुलाचा पगार, एक्स-रे मशीनची दुरुस्ती, विजेचं बिल, यांसाठी कुणी देत नाही. तीन वर्षं दरमहा थोडं देण्याचं कबूल करा. संस्था बंद पडतात त्या बहुधा अशाच खर्चापायी.

संक्रांतीत मांजात अडकलेला पक्षी झाडावर लटकताना दिसतो. अग्निशमन दल येईपर्यंत काय करावं?
— येवला

मांजा ओढू नका. दोरा जितका ताणाल तितका तो पंखाच्या हाडापर्यंत कापत जातो. हाताशी असेल तर पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर दोरा राखून कात्रीने कापा, अंगात रुतलेला भाग डॉक्टरसाठी तसाच ठेवा. पक्ष्यावर टॉवेल टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. मग खोक्यात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. विकणारा दिसला तर पोलिसांना कळवा, संकोच करू नका. तो मांजा दुचाकीवरच्या माणसाचा गळाही कापतो.

मी संगमनेर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. सातवीच्या मुलांना वन्यप्राण्यांसाठी काहीतरी करायचं आहे. जवळपास एकही संस्था नाही. पैसेही नाहीत.

गुरुजी, तुमच्या गावात बिनकठड्याच्या विहिरी किती आहेत? नगर, नाशिक, पुणे जिल्ह्यांत बिबटे, तरस, कोल्हे, रानमांजरं रात्री अशा विहिरींत पडतात. कुत्र्यामागे धावताना, पाणी शोधताना काठ दिसत नाही. वनखात्याची माणसं दोरांनी बाज खाली सोडतात, दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा सोडतात किंवा शिडी लावून रात्री सगळ्यांना लांब नेतात आणि तो आपला आपण निघून जातो. यात सगळ्यात अवघड असतं ते काठावरची गर्दी हटवणं. तुमची मुलं एवढं जरी शिकली, की प्राणी पडला तर १९२६ ला फोन करायचा आणि मोठ्यांना काठापासून मागे घ्यायचं, तरी वनरक्षकाचं अर्धं काम होईल.

मुलांना वस्त्यावस्त्यांवर पाठवून यादी करून घ्या: विहीर कुणाची, कठडा आहे का, पायऱ्या आहेत का, शाळेच्या वाटेवर आहे का. विहिरीजवळ मुलांनी एकटं जायचं नाही, सोबत मोठं माणूस हवंच. ती यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्या आणि कठड्यांचा ठराव मागा. या विहिरींत माणसांची पोरंही पडतात, त्यामुळे विरोध होणार नाही. कठड्याचे पैसे मिळेपर्यंत काटेरी झापांचं कुंपण घाला आणि आत गाठी मारलेला जाड दोर किंवा पाण्यापर्यंत पोचणारा लाकडाचा ओंडका सोडून ठेवा. खार, मुंगूस, मांजर त्यावरून चढून येतात. यादी कशी करायची याचा नमुना मी तुम्हाला टपालाने पाठवते आहे, त्यात पाण्याची खोली उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यातली वेगवेगळी लिहायची आहे.